आवडता स्की ब्रँड मोठ्या कंपनीने विकत घेतल्यावर खरेदीदाराने काय तपासावे

एखादा लहान, स्कीपटूंनीच उभा केलेला ब्रँड मोठ्या क्रीडासाहित्य कंपनीने विकत घेतल्याची बातमी आली, की त्याचे चाहते सहसा दोनांपैकी एक गोष्ट करतात: दुकानात शिल्लक असलेली जुनी जोडी घाईने विकत घेतात, किंवा त्या ब्रँडकडे कायमची पाठ फिरवतात. सिअॅटल, डेन्व्हर, म्युनिक किंवा झ्युरिक येथे राहून दर हिवाळ्यात डोंगरावर जाणाऱ्या मराठी कुटुंबांनाही हा प्रश्न पडतो, कारण चांगली स्की आणि बाइंडिंग (बूट स्कीला अडकवणारा भाग) मिळून होणारा खर्च लहान नसतो. मालक बदलला एवढ्यावरून स्की चांगली की वाईट हे ठरत नाही. स्कीचा आराखडा आता कोण करतो, ती कोणत्या कारखान्यात दाबून बनवली जाते आणि मोडली तर जबाबदारी कोण घेतो, यावर ते ठरते. ही माहिती विक्रीच्या घोषणेत क्वचितच असते, म्हणून ती आपणच मिळवावी लागते.

प्रथम हे ब्रँड विकले का जातात ते समजून घ्यावे. स्कीच्या धंद्यात पैसा फार उशिरा परत येतो. दुकानदार हिवाळ्याच्या अखेरीस पुढच्या हंगामाची मागणी नोंदवतात. त्यानंतर उन्हाळाभर लाकूड, पोलादी कडा, फायबरग्लास आणि मजुरी यांवर खर्च होतो. माल शरद ऋतूत पोहोचतो आणि दुकानदारांकडून पैसे बर्फ पडू लागल्यावर येतात. म्हणजे मागणी जितकी वाढेल तितके अधिक खेळते भांडवल आधी घालावे लागते, आणि एक हिवाळा कोरडा गेला तर ते सगळे गोदामात अडकून पडते. त्यामुळे लोकप्रियता शिखरावर असतानाच एखादा ब्रँड विकला जाणे यात नवल नाही. संस्थापकांनी तत्त्वे विकली असा आरोप अशा वेळी लगेच होतो. पण बँकेचे कर्ज स्वतःच्या नावावर घेऊन दहा-पंधरा हिवाळे काढणाऱ्या माणसांना तो लावणे मला अन्यायाचे वाटते.

यानंतर विकत घेणारा कोण आहे ते पाहावे, कारण सर्व मोठ्या कंपन्या एकसारख्या नसतात. काहींचे स्वतःचे स्कीचे कारखाने असतात. फिनलंडची अमेर स्पोर्ट्स हे त्याचे ठळक उदाहरण आहे. ऑस्ट्रियातील अटॉमिक दिवाळखोरीत गेल्यावर अमेरने ती १९९४ मध्ये घेतली, आणि आल्टेनमार्क्ट येथील कारखाना चालू राहिला. तेथे विक्री झाली नसती तर बहुधा ब्रँडच उरला नसता. सालोमॉन ही फ्रेंच कंपनी १९९७ मध्ये आडिडासकडे गेली आणि २००५ मध्ये ४८ कोटी ५० लाख युरोंना अमेरकडे आली. २००२ मध्ये जे. पी. ओक्लेअर, टॅनर हॉल आदी स्कीपटूंनी सुरू केलेली आर्माडा २०१७ मध्ये अमेरने अवघ्या ४१ लाख डॉलरना घेतली, तेव्हा तिची वार्षिक विक्री सुमारे १ कोटी डॉलर होती. दोन वर्षांनी, २०१९ मध्ये, चीनच्या आंटा कंपनीच्या नेतृत्वाखालील गटाने सुमारे ४६० कोटी युरो मोजून अमेरच ताब्यात घेतली. आर्माडाच्या चाहत्याच्या दृष्टीने हा दुसरा बदल पहिल्यापेक्षा कमी महत्त्वाचा आहे, कारण सर्वांत वरचा भागधारक बदलला तरी साचे आणि ते वापरणारे कारागीर आपोआप बदलत नाहीत.

दुसऱ्या प्रकारचा खरेदीदार अनेक वस्तूंचा मोठा समूह असतो, आणि तेथे अधिक सावध राहावे. वॉशिंग्टन राज्यातील व्हॅशॉन बेटावर १९६० च्या दशकाच्या आरंभी बिल किर्श्नर यांनी सुरू केलेल्या के-टू या कंपनीचा प्रवास त्यासाठी मुळातून पाहण्याजोगा आहे. पुणेकरांना डिझेल इंजिनांमुळे परिचित असलेल्या कमिन्स या अमेरिकी कंपनीनेच १९७० मध्ये के-टू विकत घेतली होती आणि १९७६ मध्ये विकली. त्यानंतर मालक बदलत गेले. २००१ मध्ये स्कीचे उत्पादन बेटावरून चीनला हलवले गेले. के-टूने स्वतः २००४ मध्ये जर्मनीची फोल्कल आणि मार्कर, तर २००६ मध्ये लाइन हे ब्रँड घेतले, आणि २००७ मध्ये हा सगळा समूहच घरगुती वस्तू विकणाऱ्या जार्डन कंपनीने सुमारे १२० कोटी डॉलरना घेतला. जार्डन २०१६ मध्ये न्यूएल या तशाच कंपनीकडे गेली, आणि न्यूएलने पुढच्याच वर्षी हिवाळी खेळांचे सर्व ब्रँड सुमारे २४ कोटी डॉलरना कोलबर्ग या गुंतवणूक कंपनीला विकले. घरगुती वस्तू विकणाऱ्या समूहात स्की हा हिशेबातला एक लहानसा भाग असतो, आणि नफा घसरला की आधी तोच विकायला काढला जातो. म्हणून अशा समूहाकडे गेलेल्या ब्रँडची पुन्हा विक्री होईल असे गृहीत धरूनच हमी आणि सुटे भाग यांचा विचार करावा.

कपड्यांच्या कंपनीने स्की कंपनी घेतल्याचे उदाहरणही बोलके आहे. क्विकसिल्व्हरने २००५ मध्ये १९०७ पासून चालत आलेली रोसिन्योल घेतली. २००६-०७ चा हिवाळा युरोपात फार उबदार गेला, आणि २००८ मध्ये ती सुमारे ४ कोटी युरोंना विकावी लागली. कपडे विकण्याचे कसब बर्फ न पडण्याच्या धोक्यापासून वाचवत नाही.

आता प्रत्यक्ष वस्तूकडे वळावे. स्कीच्या पृष्ठभागावर किंवा बाजूच्या पट्टीवर उत्पादनाचा देश छापलेला असतो. अमेरिकेत आयात मालावर तो असणे कायद्यानेच आवश्यक आहे. विक्रीपूर्वीची जोडी आणि नंतरची जोडी शेजारी ठेवून तो वाचावा. देश बदलला असेल तर कारखाना बदललाच आहे; देश तोच असेल तरी दुकानदाराला कारखान्याचे नाव विचारावे. येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. अनेक स्वतंत्र ब्रँडांकडे स्वतःचा कारखाना कधीच नव्हता. ते आपल्या आराखड्यांनुसार स्लोव्हेनियातील बेगुन्ये येथील एलानसारख्या कारखान्यांकडून स्की बनवून घेत आले आहेत. अशा ब्रँडला कारखाना असलेल्या समूहाने घेतले तर दर्जा घसरण्याऐवजी स्थिर होण्याचीही शक्यता असते. याउलट, ज्याची ओळखच स्वतःच्या शेडमधील प्रेस आणि ती चालवणारी माणसे ही होती, त्याचे काम दुसरीकडे हलवले गेले तर तो ब्रँड नावापुरताच उरला असे मी म्हणेन.

निर्णयासाठी योग्य वेळ निवडणे हे यातील सर्वांत दुर्लक्षित काम आहे. स्कीचा आराखडा, नमुने, चाचणी आणि साचे यांना दीड ते दोन वर्षे लागतात, आणि पुढच्या हिवाळ्याचा माल दुकानदारांना आदल्या जानेवारीच्या सुमारासच दाखवला जातो. त्यामुळे विक्रीनंतरच्या पहिल्या हंगामात मिळणारी स्की बहुतांशी जुन्या चमूनेच बनवलेली असते. ती चांगली निघाली म्हणून नव्या मालकाची स्तुती करू नये आणि रंगसंगती आवडली नाही म्हणून त्याला दोषही देऊ नये. खरे उत्तर दुसऱ्या-तिसऱ्या हंगामात मिळते. तेव्हा त्याच नावाच्या मॉडेलची माहितीपत्रके समोर ठेवून त्याच लांबीतील वजन, पायाखालची रुंदी, वळणाची त्रिज्या, गाभ्याचे लाकूड, कडांची जाडी आणि तळाचा प्रकार यांची तुलना करावी. मापे तीच राहून वजन बरेच कमी झाले असेल आणि गाभ्याच्या लाकडाचे नाव पत्रकातून गायब झाले असेल, तर आतले बांधकाम बदलले आहे असे समजावे. कडा पातळ होणे हे दगडाळ उतारांवर स्की करणाऱ्यासाठी विशेष वाईट लक्षण आहे, कारण घासून धार काढण्यास तितके कमी पोलाद उरते.

हमीबाबत दुकानदाराच्या तोंडी आश्वासनावर थांबू नये. विक्रीपूर्वी घेतलेल्या जोडीची हमी नवी कंपनी पाळणार का, हे तिच्या ग्राहकसेवेकडून लेखी घ्यावे; पावती आणि स्कीवरील अनुक्रमांकाचे छायाचित्र जपून ठेवावे. युरोपीय संघात नव्या वस्तूतील मूळ दोषाची दोन वर्षांची कायदेशीर जबाबदारी विक्रेत्यावर असते, त्यामुळे ब्रँड कोणाकडेही गेला तरी दुकानाकडे दाद मागता येते. गुलमर्ग किंवा औलीला नेण्यासाठी परदेशातून स्की आणणाऱ्याने मात्र हमी जवळजवळ नाहीच असे धरून चालावे, कारण मोडलेली जोडी परत पाठवण्याचा खर्च फार होतो.

बाइंडिंग आणि बूट यांत मालकी बदलाचा परिणाम स्कीपेक्षा अधिक जाणवतो. रोसिन्योलबरोबर लुक, फोल्कलबरोबर मार्कर, हेडबरोबर टायरोलिया अशा जोड्या समूहांत ठरलेल्या असतात, आणि विकत घेतलेल्या ब्रँडच्या स्कीवर हळूहळू समूहाचीच बाइंडिंग दिसू लागतात. सपाट पृष्ठभागाच्या स्कीवर कोणतीही योग्य मापाची बाइंडिंग बसवता येतात. बाइंडिंग अडकवण्याची पट्टी आधीच बसवलेली स्की घेतली तर त्याच समूहाशी बांधून घेणे आले. जुनी बाइंडिंग नव्या स्कीवर बसवायची असतील तर ती निर्मात्याच्या चालू हंगामाच्या मान्य यादीत (ज्यांची जबाबदारी निर्माता अजून घेतो त्या बाइंडिंगांच्या यादीत) आहेत का ते आधी विचारावे, कारण उत्तर अमेरिकेत यादीबाहेरच्या बाइंडिंगवर काम करण्यास दुकाने सहसा नकार देतात. बुटांच्या बाबतीत फुल टिल्टचे उदाहरण लक्षात ठेवावे. रायख्ले या स्विस कंपनीच्या जुन्या फ्लेक्सॉन साच्यांतून पुन्हा जन्मलेला हा तीन तुकड्यांचा बूट २०२२ मध्ये के-टूच्या नावाखाली विलीन झाला. रचना टिकली, नाव गेले. ज्यांच्या पायाला तोच बूट बसतो त्यांनी अशा वेळी जिभेचा तुकडा, बकल आणि आतला मऊ बूट यांचा एक जादा संच घेऊन ठेवणे शहाणपणाचे ठरते.

ब्रँडवर नव्हे तर आराखडा करणाऱ्यावर ज्याचा जीव आहे, त्याने माणसाचा माग काढावा. जेसन लेव्हिन्थल यांनी १९९५ मध्ये लाइन सुरू केली, ती के-टूकडे गेल्यानंतर काही वर्षे तेथे काम केले आणि २०१३ मध्ये बाहेर पडून थेट ग्राहकाला विकणारी जे स्कीज स्थापन केली. पुढे २०१८ मध्ये फोरफ्रंट हा दुसरा स्वतंत्र ब्रँडही त्यांनीच घेतला. लाइनच्या सुरुवातीच्या काळावर प्रेम असणाऱ्याने दोन्हीकडच्या जोड्या, स्की वापरून पाहायला देतात त्या चाचणीच्या दिवशी, एकाच उतारावर वापरून पाहाव्यात, आणि त्या दिवशी बर्फ घट्ट असेल तर अधिक बरे, कारण मऊ बर्फावर बांधकामातील फरक लपतो.