मालाझन एकत्र वाचायला घेण्यापूर्वी

'मालाझन' ही इंग्रजी फँटसी कादंबऱ्यांची लांबलचक मालिका गटाने वाचायची असेल, तर सगळ्यात आधी कॅलेंडर काढा आणि त्यात मोकळे आठवडे भरा. कोण कोण वाचणार, किती वेगाने वाचणार, बैठक कुठल्या वारी, हे सगळं नंतर. मोकळा आठवडा म्हणजे ज्या आठवड्यात नवं वाचन नाही आणि बैठकही नाही. जो मागे पडला असेल त्याने फक्त भरून काढायचं. मागच्या वेळी आमच्या वेळापत्रकात असा एकही आठवडा नव्हता आणि दुसऱ्या खंडाच्या मध्यावर गट विरून गेला. भांडण झालं नाही, कुणाला पुस्तक नावडलंही नाही. एकेक जण दोन-तीन प्रकरणं मागे राहिला, बैठकीला गप्प बसू लागला आणि मग यायचा थांबला.

स्टीव्हन एरिकसनची 'मालाझन बुक ऑफ द फॉलन' ही दहा खंडांची मालिका आहे. पहिला खंड 'गार्डन्स ऑफ द मून' १९९९ साली आला, शेवटचा 'द क्रिपल्ड गॉड' २०११ साली. बहुतेक खंड जाडजूड आहेत. एरिकसन आणि त्याचा मित्र इयन एस्लमाँट, दोघेही पुरातत्त्वाचे अभ्यासक. हे जग त्यांनी १९८०च्या दशकात आपसात खेळायच्या रोलप्लेइंग गेमसाठी, म्हणजे एकेक पात्र होऊन खेळायच्या खेळासाठी रचलं. ही माहिती गटाला पहिल्याच दिवशी सांगा, कारण तिच्यामुळे पुढचा बराच वैताग वाचतो. उत्खननात माणसाला आधी खापराचा तुकडा सापडतो आणि घर कुणाचं होतं ते फार नंतर कळतं. ही पुस्तकं तशीच उलगडतात. राजवंश, धर्म, जादूची व्यवस्था, जुनी युद्धं यातलं काहीही कुणी समजावून देत नाही. पात्रांना ते ठाऊक असतं, म्हणून ती बोलत राहतात आणि आपण ऐकत राहायचं. 'मला काही कळत नाहीये' हे वाक्य पहिल्या दोनशे पानांत प्रत्येकाच्या तोंडी येणार आणि ते यायलाच हवं. हे आधी सांगितलं नाही, तर प्रत्येकाला वाटतं की फक्त आपल्यालाच कळत नाहीये, आणि तिथून गळती सुरू होते.

गट चार ते सहा जणांचा ठेवा. त्याहून मोठ्या गटाच्या तारखा जुळत नाहीत. पुण्यात दोघं, एक ठाण्यात, एक जण न्यू जर्सीत असा गट असेल, तर रविवारी सकाळी आपली चहाची वेळ आणि तिकडची शनिवारची रात्र, एवढीच काय ती सोय. आधी वाचलेला एखादा माणूस गटात असावा का? असावा, पण एका अटीवर. त्याने आपण होऊन काही सांगायचं नाही. कुणी विचारलं, 'हे आत्ता कळणं अपेक्षित आहे का?', तर 'हो' किंवा 'नाही' एवढंच उत्तर द्यायचं. भुवईसुद्धा उडवायची नाही. 'या माणसाकडे लक्ष ठेवा हं' असं प्रेमाने म्हटलेलं एक वाक्यही पुढची तीनशे पानं नासवतं. ज्याला हे जमणार नाही त्याला नम्रपणे सांगा की दहावा खंड संपल्यावर आम्ही तुझ्याकडेच येणार आहोत.

आवृत्त्या वेगवेगळ्या असतील, म्हणून पान क्रमांकाने कधीही बोलू नका, प्रकरण क्रमांकानेच बोला. किंडलवर नकाशा वाचता येत नाही. कथेतल्या जेनाबॅकिस भूखंडाचा आणि दारुजिस्तान शहराचा नकाशा छापून घ्या. ऑडिओबुक ऐकणारा कुणी असेल तर त्याच्याकडे जास्त लक्ष द्या. त्याच्यासमोर पात्रयादी नसते, नावांचं स्पेलिंग नसतं, आणि चौथ्या खंडापासून वाचणारा आवाजही बदलतो, त्याबरोबर काही उच्चार बदलतात. पात्रयादीचा फोटो त्याला आधीच पाठवा. दहाही खंड एकदम विकत घेऊ नका. पहिले दोन पुरेत.

आता पहिल्या खंडाची विभागणी. लेखकानेच ती करून ठेवली आहे, ती मोडू नका. 'गार्डन्स ऑफ द मून'मध्ये चोवीस प्रकरणं आहेत आणि ती सात भागांत बसवलेली आहेत: एक ते चार, पाच ते सात, आठ ते दहा, अकरा ते तेरा, चौदा ते सोळा, सतरा ते वीस, एकवीस ते चोवीस. म्हणजे सात बैठका. पहिला मोकळा आठवडा सातव्या प्रकरणानंतर. तिथेच का? पहिली चार प्रकरणं मालाझन साम्राज्याच्या सैन्याबरोबर आणि पेल शहराच्या वेढ्याभोवती फिरतात. त्या माणसांची जेमतेम ओळख होते न होते तोच पाचव्या प्रकरणात कथा उचलून दारुजिस्तानला जाते. नवं शहर, नवे लोक, नवं राजकारण. जो चौथ्या प्रकरणात अडकला आहे तो इथे बुडतो. दुसरा मोकळा आठवडा सोळाव्यानंतर, कारण त्यानंतर सगळे धागे एकाच शहरात येऊन भिडतात आणि वाचायचा वेग आपोआप वाढतो. त्या वेळी सगळे एका जागी असायला हवेत.

आणि तो आठवडा रद्द करायचा नाही. हे पुन्हा सांगतो, कारण तो रद्द करायचा मोह हमखास होतो. बैठकीच्या शेवटी कुणीतरी विचारतो, 'सगळ्यांचं झालंय ना? मग कशाला थांबायचं?' आणि सगळे माना डोलावतात. ज्याचं झालेलं नसतं तोही मान डोलावतो. आपण मागे आहोत हे मोठी माणसं चारचौघांत सांगत नाहीत. नोकरी, मुलांच्या परीक्षा, घरातलं आजारपण, कारण काहीही असो, ते मनात ठेवतात आणि संकोचतात. म्हणून मोकळा आठवडा कुणी मागायच्या आधी ठरलेला हवा. मागून मिळाला तर तो उपकार वाटतो आणि माणूस तो घेत नाही. ज्यांचं वाचून झालंय त्यांनी त्या आठवड्यात पुढे जायचं नाही. त्यांनी प्रस्तावना-प्रकरण पुन्हा वाचावं. मॉक्स होल्ड किल्ल्याच्या तटावर उभ्या असलेल्या त्या मुलाचं आणि सैनिकाचं संभाषण दुसऱ्यांदा वाचताना निराळंच दिसतं.

नावांची वही हवी. एकच, सामाईक, सगळ्यांना उघडता येईल अशी. या मालिकेत सैनिक एकमेकांना टोपणनावांनी हाक मारतात, व्हिस्कीजॅक, फिडलर, क्विक बेन, आणि काही माणसांना एकाहून जास्त नावं असतात. मराठी वाचकाला हे खरं तर जड जाऊ नये. पार्थ, धनंजय, सव्यसाची म्हटलं की अर्जुनच समोर येतो हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. पण तिथे ओळख आयुष्यभराची असते, इथे तीन आठवड्यांची. वहीत प्रत्येक नावापुढे तीनच गोष्टी लिहा: कुठल्या प्रकरणात प्रथम दिसला, कुणाच्या बाजूने आहे असं वाटतं, आणि कुणाबरोबर असतो. 'असं वाटतं' हे शब्द महत्त्वाचे आहेत, ते खोडू नका. वॉरेन, असेंडंट, डेक ऑफ ड्रॅगन्स हे मालिकेतले खास शब्दही तिथेच लिहा, पण आपल्या समजुतीप्रमाणे. वॉरेन म्हणजे जादूचा उगम की चालून जाता येईल अशी जागा, यावर गटात दोन मतं पडली तर दोन्ही लिहून ठेवा. वही आळीपाळीने एकेकाने सांभाळायची. एकाच्याच गळ्यात पडली तर तो कंटाळतो.

इंटरनेटवर नाव शोधायचं नाही. अजिबात नाही. नाव टाइप करता करताच खाली सूचना येतात आणि त्यात कोण मेलं ते दिसतं. विकीवर तर पहिल्याच ओळीत माणसाचं पुढचं सगळं भविष्य लिहिलेलं असतं. शंका आली की वही, वहीत नसेल तर गट, गटालाही माहीत नसेल तर पुढचं प्रकरण. पुढच्या खंडांच्या पात्रयाद्यासुद्धा आधी चाळू नका. कोण अजून जिवंत आहे हे त्यातूनच कळतं. प्रकरणांच्या सुरुवातीच्या कविता मात्र वगळू नका. बैठकीत एकाने त्या मोठ्याने वाचाव्यात, दोन मिनिटं लागतात आणि पुष्कळ काही त्यात दडलेलं असतं.

आणखी एक गोष्ट सुरू करण्यापूर्वी स्पष्ट बोला. या पुस्तकांत युद्धातलं क्रौर्य आहे, मुलांवरची हिंसा आहे, लैंगिक अत्याचारही आहे. चौथ्या खंडाच्या सुरुवातीला आणि नवव्यात ते वाचवत नाही. कुठल्या प्रकरणात काय हे आधी वाचलेल्या माणसाने नावं न घेता कळवावं, आणि ज्याला ती पानं ओलांडायची असतील त्याला ओलांडू द्यावीत. त्यावर वाद घालू नका.

पहिल्या खंडातले काही तपशील पुढच्यांशी जुळत नाहीत. वयं, तारखा, एखाद्याची ताकद. 'गार्डन्स'चा मूळ मजकूर चित्रपटाच्या पटकथेतून निघाला आणि तो प्रकाशित व्हायला बरीच वर्षं गेली, त्यामुळे दुसऱ्या खंडात हात बसलेला लेखक दिसतो. कालगणनेचे तक्ते मांडण्यात बैठका घालवू नका. पहिल्या खंडावरून मालिकेचा निकालही लावू नका. निदान दुसरा संपेपर्यंत थांबायचं, एवढं वचन गटाने एकमेकांना द्यावं.

दुसरा खंड, 'डेडहाऊस गेट्स'. इथे आमचा गट गेला, म्हणून इथे दुप्पट जपा. ज्या लोकांशी महत्प्रयासाने ओळख झाली त्यांतले बहुतेक मागे राहतात आणि मोजकेच सेव्हन सिटीज या दुसऱ्या भूखंडावर आपल्याबरोबर येतात. तिथे बंड पेटतं, आणि एक सेनापती निर्वासितांचा प्रचंड तांडा घेऊन वाळवंटातून चालू लागतो. अख्ख्या मालिकेतलं सर्वांत हेलावून टाकणारं लिखाण या वाटचालीत आहे आणि ते एकट्याने वाचायचं नसतं, त्यासाठीच तर गट. भाग चारच आहेत पण लांब, म्हणून प्रत्येकाच्या दोन बैठका करा. मोकळा आठवडा पहिल्या भागानंतर एक, तिसऱ्या भागाच्या आधी एक. दोन. एक पुरत नाही. तिसऱ्या भागात शिरताना कुणीही मागे असता कामा नये. मागे पडलेल्याला फोन करा आणि तो जिथवर आला आहे तिथपर्यंतची कथा तोंडी सांगा. पंधरा मिनिटं लागतात. 'सावकाश वाच, घाई नाही' असा निरोप पाठवून काहीही होत नाही. त्याला तारीख द्या.

खंड संपला की पुढचा लगेच उघडू नका. दोन मोकळे आठवडे. होय, इथेही.

तिसरा, 'मेमरीज ऑफ आइस', पुन्हा जेनाबॅकिसवर येतो आणि दुसऱ्याच्याच काळात घडतो. जुनी माणसं परत भेटतात तेव्हा वही काढा. चौथ्याचा सुरुवातीचा मोठा भाग एकाच योद्ध्यामागे चालतो, तो योद्धा सुरुवातीला अनेकांना आवडत नाही, तरी वाचा. पाचव्यात, 'मिडनाइट टाइड्स'मध्ये, जवळजवळ सगळं नवीन: भूखंड, लोक, व्यापार आणि कर्जाच्या पायावर उभं असलेलं साम्राज्य. इथे पुन्हा 'मला काही कळत नाहीये' ऐकू येईल. मोकळा आठवडा पहिल्या भागानंतर. आपण आता सरावलो, आता गरज नाही, असं वाटायला लागतं ते याच खंडात. गरज आहे.

सहावा आणि सातवा मोठे आहेत पण माणसं ओळखीची झालेली असतात. दोन बैठकांमध्ये थोडं जास्त वाचता येतं. आठवा, 'टोल द हाउंड्स', अतिशय संथ. अनेक वाचक इथे थकतात. वेग निम्मा करा आणि दुःखाबद्दलचं पुस्तक म्हणून वाचा. तसं वाचलं तर ते मालिकेतल्या सर्वांत सुंदर खंडांपैकी एक आहे.

नववा आणि दहावा म्हणजे दोन जिल्दांत बांधलेली एकच कादंबरी. लेखकाने नवव्याच्या सुरुवातीला हे सांगूनही ठेवलंय, आणि नववा अर्ध्यावरच तुटतो. म्हणून नववा संपायच्या आत दहावा प्रत्येकाच्या हातात असावा, आणि मधला मोकळा आठवडा एकच, पण तो हवाच.

एस्लमाँटच्याही त्याच जगातल्या कादंबऱ्या आहेत, सहाहून जास्त. त्या मध्ये कुठे घुसवायच्या यावर वाचकांत पुष्कळ मतं आहेत. पहिल्या फेरीत घुसवू नका. दहाव्याची शेवटची तीन प्रकरणं सगळ्यांनी एकाच आठवड्यात वाचायची आणि सगळ्यांचं संपेपर्यंत त्यांच्याबद्दल एक अक्षर बोलायचं नाही. शेवटची बैठक शक्यतो समोरासमोर घ्या. न्यू जर्सीवाल्याच्या सुट्टीच्या तारखा विचारून मगच ती ठरवा.