अडखळत बोलणाऱ्याने बोलणे सैल कसे करावे

डेक्कनवरून पौड रस्त्याने जाणाऱ्या पीएमपीच्या बसमध्ये एखादा प्रवासी रोज वनाजचे तिकीट काढतो, वनाजला उतरतो आणि तिथून कोथरूड डेपोपर्यंत चालत जातो. यात पैसे वाचवण्याचा हेतू नसतो. ‘कोथरूड’मधला ‘को’ त्याच्या घशात अडतो आणि ‘वनाज’ मात्र सहज सुटते, एवढेच कारण असते. तोतरेपणा असलेल्या माणसाच्या दिवसात अशा किती पळवाटा असतात, हे अनेकदा घरच्यांनाही ठाऊक नसते. या लेखाचा रोख त्या पळवाटांवर आहे, कारण बोलण्याची तंत्रे समजायला अवघड नाहीत, पण लपवालपवी चालू असेपर्यंत ती ऐन वेळी हाताशी येत नाहीत.

कारणांविषयी थोडक्यात सांगायचे, तर तोतरेपणा बहुधा २ ते ५ वर्षांच्या वयात सुरू होतो. १०० पैकी साधारण ५ मुलांच्या बोलण्यात तो कधी ना कधी दिसतो, त्यांतल्या बहुतेकांचा आपोआप जातो आणि प्रौढांमध्ये त्याचे प्रमाण १०० मागे सुमारे १ इतके उरते. तो अनेकदा घराण्यात चालत आलेला असतो. पाकिस्तानातील काही कुटुंबांच्या अभ्यासातून त्याच्याशी संबंध असलेली जनुके २०१० मध्ये प्रसिद्धही झाली. बोलण्याच्या हालचाली वेळच्या वेळी जुळवून आणण्याचे जे काम मेंदू करतो, त्यात येथे फरक असतो. घाई, थकवा आणि धास्ती यांनी तोतरेपणा वाढतो, परंतु त्यांच्यामुळे किंवा दुसऱ्याची नक्कल केल्यामुळे तो जडत नाही. म्हणूनच वेखंड उगाळून जिभेला लावणे, तोंडात सुपारी धरून बोलणे किंवा जिभेखालची शीर कापून घेणे, हे उपाय कितीही मायेने सुचवलेले असले तरी त्यांवर वेळ घालवू नये.

जीभ, ओठ आणि घसा शाबूत असतात याचा पुरावा पुण्यात दरवर्षी मिळतो. ऋषिपंचमीच्या पहाटे दगडूशेठ गणपतीसमोर हजारो स्त्रिया एका सुरात अथर्वशीर्ष म्हणतात. त्यांत एखादी तोतरे बोलणारी असली, तरी त्या पठणात तिचा शब्द सहसा अडत नाही. आरती म्हणताना, गाताना किंवा घरात कोणी नसताना स्वतःशी बोलतानाही बहुतेकांचा हाच अनुभव असतो. यावरून सूर लावून बोलावे असा अर्थ मात्र काढू नये, कारण ती युक्ती चार दिवस चालते आणि सवय झाली की तिचा गुण जातो.

पहिली पायरी: नोंद

साधारण आठवडाभर एक छोटी वही जवळ ठेवावी आणि अडखळणे थांबवण्याचा प्रयत्न न करता ते फक्त पाहावे. शब्द नेमका कुठे अडतो, ओठांवर, टाळूशी की घशात? त्या क्षणी श्वास रोखला जातो का, डोळे मिटतात का, जबडा आवळतो का, पाय आपटला जातो का? घरच्या माणसाशी झालेले फोनवरचे बोलणे त्याला सांगून रेकॉर्ड करावे आणि एकट्याने ऐकावे. पहिल्यांदा ते ऐकवत नाही, हे खरे आहे. तरीही ऐकावे, कारण आपल्याला युगासारखा वाटलेला अडथळा प्रत्यक्षात दोन-तीन सेकंदांचा असतो, हे त्यातूनच कळते.

वहीचे शेवटचे पान वेगळे राखावे आणि त्यावर आपण टाळलेले शब्द लिहावेत. ‘पोहे’ म्हणायचे होते आणि उपमा मागवला, ‘म्हणजे’, ‘ते आपलं’, ‘काय झालं की’ अशी भर घालत मूळ शब्द पुढे ढकलला, शेजारच्याला बोलायला लावले, हे सर्व त्या पानावर यावे. मराठीत प्रतिशब्दांची वाण नसल्यामुळे हा खेळ वर्षानुवर्षे बेमालूम चालू शकतो. स्वतःच्या नावाला आणि आडनावाला मात्र पर्याय नसतो, आणि म्हणूनच पुष्कळांचे बोलणे सर्वांत जास्त अडते ते नाव सांगतानाच.

दुसरी पायरी: पळवाट सोडणे

त्या पानावरचा सर्वांत कमी भीतीचा शब्द निवडावा आणि तो ठरवून उच्चारावा, मग तो अडखळत आला तरी चालेल. याच्या पुढचा भाग विचित्र वाटेल, पण वाचोपचारात (स्पीच थेरपीत) तो जुना आणि प्रतिष्ठित आहे: जो शब्द अडणार नाही अशी खात्री आहे, त्यावर मुद्दाम, सावकाश आणि ताण न घेता अडखळावे. अमृततुल्यमध्ये ‘दो-दो-दोन चहा’ असे शांतपणे म्हणून पाहावे. समोरचा चहा देतो, सुटे पैसे मागतो आणि पुढच्या गिऱ्हाईकाकडे वळतो. जी गोष्ट आपण स्वतःहून केली तिची दहशत ओसरते, आणि दहशत ओसरली की स्नायूंवरचा ताण उतरतो.

आता बसचे आणि मेट्रोचे तिकीट मोबाइलवर मिळते, जेवणही बोटाच्या टोकावर मागवता येते. ही सोय वापरू नये असे कोणी म्हणणार नाही, परंतु ज्याला बोलणे सैल करायचे आहे त्याने दिवसातून निदान एकदा तरी वाहकाकडे तोंडाने तिकीट मागावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

तिसरी पायरी: शब्दाची सुरुवात हलकी करणे

सरावासाठी गावांची नावे उत्तम, कारण ती बदलता येत नाहीत. ‘औंध’ हा शब्द स्वराने सुरू होतो, आणि अशा शब्दांवर अडणाऱ्याच्या घशातील स्वरतंतू बोलण्याआधीच घट्ट मिटलेले असतात. म्हणून आधी थोडा श्वास बाहेर सोडावा आणि त्या वाहत्या हवेवरच ‘औ’ हळू आवाजात सुरू करून वाढवावा. फार खोल श्वास घेऊन छाती फुगवण्याची गरज नाही, त्याने उलट ताण येतो. ‘पर्वती’ म्हणताना ओठ दाबू नयेत, एकमेकांना जेमतेम टेकवून सोडावेत. ‘डेक्कन’साठी जिभेचे टोक आणि ‘कात्रज’साठी जिभेचा मागचा भाग टाळूला असाच निसटता लागला पाहिजे. पहिले अक्षर किंचित लांबवून लगेच पुढच्या स्वरात शिरावे. सगळे वाक्य ताणत बसू नये. हा सराव रोज दहा मिनिटे, आधी सुट्या शब्दांवर, मग छोट्या वाक्यांवर आणि नंतर वर्तमानपत्रातील एखादी बातमी मोठ्याने वाचून करावा. वाक्याच्या मध्ये अर्थ जिथे तुटतो तिथे थांबावे, कारण पुष्कळ अडथळे निव्वळ घाईतून वाढलेले असतात.

चौथी पायरी: अडलेला शब्द सोडवणे

सराव कितीही झाला तरी शब्द अडणारच, आणि तेव्हा काय करायचे हे आधीच ठरलेले असावे. अमेरिकेतील चार्ल्स व्हॅन रायपर हे वाचोपचारतज्ज्ञ स्वतः तोतरे बोलत असत, आणि त्यांनी घालून दिलेली पद्धत आजही शिकवली जाते. तिची गंमत अशी की ती उलट्या क्रमाने शिकायची असते. प्रथम, अडखळत का होईना, शब्द पूर्ण करायचा, मग दोन-तीन सेकंद थांबून ताण कुठे आला होता ते ओळखायचे आणि तोच शब्द सैलपणे पुन्हा म्हणायचा. हे अंगवळणी पडले की शब्द अडलेला असतानाच जोर लावणे सोडायचे, आवळलेला ओठ किंवा घसा तिथल्या तिथे ढिला करायचा आणि सरकत बाहेर पडायचे. सर्वांत शेवटी, शब्द अडणार अशी चाहूल लागताच त्याची सुरुवात आधीच हलकी करायची. बहुतेक जण थेट या तिसऱ्या टप्प्यावर उडी घेतात आणि आठवड्यात सराव सोडून देतात. पहिल्या टप्प्यातला तो थांबा लोकांसमोर घ्यावा लागतो, तो फार अवघडल्यासारखा वाटतो, पण सगळी कमाई त्यातच आहे.

पाचवी पायरी: प्रसंगांची चढण

सोप्यापासून अवघडापर्यंत प्रसंगांची यादी करावी: घरी, मित्रांत, दुकानात, फोनवर, कार्यालयातील बैठकीत, मुलाखतीत. एका प्रसंगात मन स्थिरावले की पुढचा घ्यावा. अप्पा बळवंत चौकातील पुस्तकांच्या दुकानांत या सरावाला चांगला वाव आहे, कारण पुस्तकाचे नाव बदलून चालत नाही आणि गर्दीच्या वेळी विक्रेता फार वेळ देत नाही. मात्र सुरुवात दुपारच्या निवांत वेळी करावी. मुलाखतीत किंवा तोंडी परीक्षेत आरंभीच ‘मी अडखळत बोलतो, त्यामुळे उत्तराला थोडा वेळ लागेल’ असे एका वाक्यात सांगून टाकावे. त्यात क्षमायाचना नसावी. ते वाक्य घरी पाठ करून जावे, कारण नेमके तेच अडण्याचा संभव असतो.

ऐकणाऱ्याने शब्द पुरवू नये, ‘सावकाश बोल’ असे बजावू नये आणि नजर वळवू नये.

स्वतःच्या सरावाला मर्यादा आहे, आणि तिथे वाचोपचारतज्ज्ञ, म्हणजे स्पीच थेरपिस्ट, हवा. त्याची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का, हे आधी विचारून घ्यावे; धनकवडीला भारती विद्यापीठात या विषयाचे शिक्षण देणारे महाविद्यालयही आहे. ठरावीक दिवसांत तोतरेपणा मुळापासून घालवण्याची हमी देणाऱ्याकडे जाऊ नये. द इंडियन स्टॅमरिंग असोसिएशनच्या प्रेरणेने चालणाऱ्या स्वमदत गटांत मुद्दाम अडखळण्याचा सराव एकट्याने करण्यापेक्षा पुष्कळ सोपा जातो.

लहान मुलाच्या बाबतीत वेगळा हिशेब आहे. अडखळणे सहा महिन्यांहून अधिक टिकले, घरात आणखी कोणी तोतरे बोलणारे असले, किंवा मूल बोलताना चेहरा आवळू लागले वा बोलणेच टाळू लागले, तर शाळेत जाईपर्यंत वाट पाहू नये. आणि पूर्वी कधीही न अडखळलेली प्रौढ व्यक्ती अचानक तशी बोलू लागली, तर वरीलपैकी कोणताही सराव न करता तिला ताबडतोब रुग्णालयात न्यावे, कारण ते पक्षाघाताचे लक्षण असू शकते.