व्हॉइप ट्रॅफिकची नक्कल मॉनिटरकडे पाठवताना: तयारीची यादी

व्हॉइप म्हणजे डेटा नेटवर्कवरून जाणारे फोन कॉल. त्यातला दोष शोधायला त्यांच्या पॅकेटची नक्कल तपासणीच्या मशीनकडे, म्हणजे मॉनिटरकडे पाठवतात. सगळ्यात आधी तक्रार नीट लिहून घ्या. कॉल लागत नाही, मध्येच कटतो, फोनचं रजिस्ट्रेशन जातं, अशा दुखण्याला नुसतं सिप, म्हणजे कॉल जोडण्या-तोडण्याचे संदेश, पुरतं. उचलल्यापासून बरोबर ३२ सेकंदांनी कटणारा कॉल घ्या: बहुतेक वेळा २०० ओकेला (कॉल उचलल्याच्या संदेशाला) उत्तर म्हणून जाणारं एसीके (मिळाल्याची पोच) पोचलेलं नसतं, आणि हे सिपच्या चार ओळींत दिसतं. आवाज तुटत असेल किंवा एकाच बाजूचा ऐकू येत असेल, तरच आरटीपी (प्रत्यक्ष आवाजाची पॅकेट) उचलायचं, म्हणजे कॅप्चर करायचं. हा निर्णय न घेता सगळंच उचललं की डिस्क भरते आणि माणसांचं बोलणं विनाकारण साठत राहतं.

त्याच कागदावर परवानगीही घ्या. नेटवर्क आपल्या ताब्यात आहे म्हणून त्यावरचं संभाषण आपलं होत नाही. कोणती एक्स्टेंशन, किती दिवस, फाइल कोण उघडणार आणि कधी पुसणार, एवढं लिहून जबाबदार अधिकाऱ्याची सही असावी. भारतात बेकायदा इंटरसेप्शन (दुसऱ्याचं संभाषण मध्येच पकडणं) हा दूरसंचार अधिनियम २०२३ खाली गुन्हा आहे, आणि ग्राहकाचा नंबर व आवाज हा त्याचा वैयक्तिक डेटा आहे. ‘ट्रबलशूटिंग चाललं होतं’ हे उत्तर सहीच्या कागदाशिवाय टिकत नाही.

आता हिशेब. जी.७११ कोडेक (आवाज डिजिटल करण्याची पद्धत) आणि २० मिलिसेकंदांचं पॅकेट धरलं तर आवाजाचे १६० बाइट, त्यावर हेडरचे, म्हणजे पाकिटावरच्या पत्त्यासारख्या माहितीचे: आरटीपीचे १२, यूडीपीचे ८, आयपीचे २० आणि इथरनेटचे १८, असे २१८ बाइट होतात. सेकंदाला ५० पॅकेट, म्हणजे एका दिशेला ८७.२ केबीपीएस आणि दोन्ही दिशांना मिळून १७४.४. इथे एक चूक हमखास होते. पीबीएक्समधून (ऑफिसच्या टेलिफोन एक्स्चेंजमधून) आवाज जात असेल तर त्याच्या पोर्टवर प्रत्येक कॉलचे दोन लेग दिसतात, एक फोनकडचा आणि एक ट्रंककडचा (बाहेरच्या टेलिफोन कंपनीच्या लाइनकडचा). एका वेळी १०० कॉल असतील तर १७ नाही, जवळजवळ ३५ एमबीपीएस आणि सेकंदाला २०,००० पॅकेट धरा. पीकॅप फाइलमध्ये (कॅप्चर केलेली पॅकेट साठवणाऱ्या) प्रत्येक पॅकेट शेवटच्या ४ बाइट एफसीएसशिवाय (चूक तपासण्याच्या बाइटांशिवाय), पण १६ बाइटच्या नोंदीसह बसतं. म्हणजे सेकंदाला ४.६ एमबी, तासाला साडेसोळा जीबी, आणि हे १०० कॉल दिवसभर चालू राहिले तर ४०० जीबीच्या आसपास.

आवाज ऐकायचाच नसेल तर आरटीपीचं फक्त हेडर साठवा. पॅकेट लॉस आणि जिटर (पॅकेट येण्याच्या वेळेतली अनियमितता) काढायला सीक्वेन्स नंबर आणि टाइमस्टॅम्प पुरेसे असतात. इथरनेटपासून आरटीपी हेडरच्या शेवटापर्यंत ५४ बाइट होतात, व्हीलॅन टॅग (एकाच स्विचवरची आभासी नेटवर्कं वेगळी ओळखण्याची खूण) असेल तर ५८. ही मर्यादा अंदाजाने ठेवू नका. ग्राहक आयव्हीआरवर (‘१ दाबा, २ दाबा’ सांगणाऱ्या यंत्रणेवर) आकडे दाबतो तेव्हा तो आकडा टेलिफोन-इव्हेंट म्हणून आरटीपी हेडरला लागूनच ४ बाइटमध्ये येतो. टॅग नसलेल्या लिंकवर ५८ ची मर्यादा ठेवली की नेमके तेच ४ बाइट फाइलमध्ये येतात, आणि त्यांच्याबरोबर ग्राहकाचा पिनही. सिपला मात्र ही मर्यादा लावायची नाही, नाहीतर एसडीपी (आवाजाचा कोडेक, पत्ता आणि पोर्ट सांगणारा सिपमधला भाग) अर्धवट कापलं जाईल. म्हणून सिपसाठी एक आणि आरटीपीसाठी दुसरं, अशी दोन वेगळी कॅप्चर चालवा. फोन आकडे सिपच्या इन्फो संदेशातून पाठवत असतील तर ते सिपच्या फाइलमध्ये उघडे दिसतात, हेही धरून चाला.

नक्कल कुठून घ्यायची यावर अर्ध्याहून जास्त यश ठरतं. साधा मार्ग म्हणजे स्विचवर पीबीएक्सच्या पोर्टचं मिररिंग (त्या पोर्टवरची पॅकेट दुसऱ्या पोर्टवर कॉपी करणं), ज्याला सिस्कोच्या भाषेत स्पॅन म्हणतात. स्रोत एकच पोर्ट ठेवा, दिशा दोन्ही. अख्खा व्हीलॅन स्रोत म्हणून दिला तर तेच पॅकेट आत येताना एकदा आणि बाहेर जाताना पुन्हा कॉपी होतं, आणि आरटीपीच्या विश्लेषणात नसलेले दोष दिसायला लागतात. तसं झालंच असेल तर एडिटकॅप या टूलने डुप्लिकेट काढता येतात, पण मुळात होऊ न देणं बरं. एक गिगाबिटच्या पोर्टच्या दोन्ही दिशा मिळून दोन गिगाबिट होऊ शकतात आणि मिररचा पोर्ट एकच गिगाबिट असतो. नुसत्या पीबीएक्सला हा प्रश्न येत नाही, अपलिंक (स्विचला बाकीच्या नेटवर्कशी जोडणारी लिंक) मिरर केली तर येतो. वरचं उरलेलं स्विच गुपचूप टाकून देतो.

मिरर बरोबर लावूनही सिप दिसतं आणि आरटीपी दिसत नाही, असं झालं तर घाबरू नका. अ‍ॅस्टरिस्क या पीबीएक्स सॉफ्टवेअरमध्ये डायरेक्ट मीडिया चालू असेल तर कॉल लागल्यावर दोन फोन आवाज थेट एकमेकांना पाठवतात, पीबीएक्सकडे तो येतच नाही. तपासापुरतं ते बंद करता येतं, पण त्यामुळे आवाजाचा रस्ताच बदलतो, हे लक्षात ठेवून निष्कर्ष काढा. पीबीएक्स आणि एसबीसी (नेटवर्कच्या सीमेवर कॉल सांभाळणारा सर्व्हर) एकाच होस्टवरच्या व्हर्च्युअल मशीन असतील तर त्यांच्यातलं ट्रॅफिक खऱ्या स्विचपर्यंत पोचत नाही. तिथे थेट पीबीएक्सवर कॅप्चर लावा. नक्कल दुसऱ्या इमारतीतून ईआरस्पॅनने (आयपी नेटवर्कवरून जाणाऱ्या मिररिंगने) आणायची तर प्रत्येक पॅकेटवर साधारण ५० बाइट चढतात, तेव्हा मधल्या वाटेचा एमटीयू (एका पॅकेटची कमाल लांबी) आधी तपासा. फायबरवर पॅसिव्ह टॅप (प्रकाशाचा काही भाग वळवून नक्कल देणारं साधन) लावला तर दोन दिशा दोन वेगळ्या तारांवर येतात, त्यामुळे कॅप्चरसाठीच दोन पोर्ट लागतात.

कॅप्चरच्या मशीनला किमान दोन नेटवर्क कार्ड हवीत: एकावर नक्कल येते, दुसऱ्यावरून आपण लॉगिन करतो आणि डेटा पुढे पाठवतो. नक्कल घेणाऱ्या कार्डाला आयपी देऊ नका. ईथटूल या कमांडने कार्डाच्या जीआरओ आणि एलआरओ या सोयी बंद करा. ते चालू असले की छोटी पॅकेट जोडून एक मोठं दाखवलं जातं आणि वायरवरचं खरं चित्र हरवतं. रिसीव्ह रिंग (आलेली पॅकेट क्षणभर ठेवायची जागा) कार्ड देईल तेवढी मोठी करा. क्रोनी या प्रोग्रामने वेळ जुळवा, तीही सगळ्या मशीनवर. दोन कॅप्चर पॉइंटच्या घड्याळांत अर्ध्या सेकंदाचा फरक असेल तर इन्व्हाइटच्या (कॉल मागणाऱ्या पहिल्या संदेशाच्या) आधी २०० ओके आल्यासारखं दिसतं आणि तपास भलतीकडे जातो.

टीसीपीडम्प या कॅप्चर टूलचा फिल्टर लिहिताना नुसतं ‘पोर्ट ५०६०’ (सिपचा नेहमीचा पोर्ट) लिहून थांबू नका. खूप कोडेक देणारं इन्व्हाइट १५०० बाइटच्या वर गेलं की यूडीपीवर त्याचे तुकडे होतात, आणि दुसऱ्या तुकड्यात पोर्ट नंबरच नसतो. फिल्टर तो तुकडा गाळतो. मग वायरशार्कमध्ये (पॅकेट उलगडून दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये) इन्व्हाइट दिसत नाही आणि दोष फोनला दिला जातो. फिल्टरमध्ये आयपी फ्रॅगमेंटसाठी, म्हणजे या तुकड्यांसाठी, अट जोडा. ट्रॅफिकवर व्हीलॅन टॅग असेल तर साधा फिल्टर रिकामी फाइल देतो. आधी ‘व्हीलॅन’ शब्द लागतो. फाइल फिरती ठेवताना टीसीपीडम्पचे मोठ्या लिपीतले ‘जी’ आणि ‘डब्ल्यू’ हे पर्याय एकत्र दिले तर जुन्या फाइली पुसून पुढे चालू राहील असं वाटतं, प्रत्यक्षात तेवढ्या फाइली झाल्या की तो बंद पडतो. रात्रभराच्या तपासाला डम्पकॅप हे टूल घ्या: ३०० सेकंदांची एक फाइल, अशा २८८ फाइली, म्हणजे बरोबर २४ तासांचं चक्र.

आता पुढे पाठवणं. मॉनिटर म्हणून होमर (कॉलचे संदेश साठवून दाखवणारं सॉफ्टवेअर) वापरत असाल तर पॅकेट हेप या प्रोटोकॉलमध्ये गुंडाळून जातात, नेहमीचा पोर्ट ९०६०. पाठवण्याचं काम हेप्लिफायसारखा एजंट करतो, किंवा अ‍ॅस्टरिस्क आणि कमाइलियो (एक सिप सर्व्हर) आपापल्या मॉड्युलमधून स्वतःच करतात. सिप टीएलएसवर (एन्क्रिप्ट होऊन) चालत असेल तर दुसराच मार्ग घ्या. मिररवरचं टीएलएस ट्रॅफिक वाचता येत नाही, आणि आजच्या की एक्स्चेंजमध्ये सर्व्हरची प्रायव्हेट की हातात असूनही ते उघडत नाही. उलगडलेला मजकूर फक्त सर्व्हरकडे असतो, म्हणून तिथूनच हेप पाठवा. अ‍ॅस्टरिस्कच्या हेप सेटिंगमध्ये ओळख ‘कॉल-आयडी’वर ठेवा, नाहीतर आरटीसीपीच्या (आवाजाचा दर्जा कळवणाऱ्या पॅकेटच्या) नोंदी कॉलशी जुळत नाहीत. प्रत्येक एजंटला वेगळा कॅप्चर आयडी द्या. एजंटच्या फिल्टरमध्ये ९०६० वगळा, नाहीतर नक्कलेची नक्कल जायला लागते. आणि शक्य असेल तिथे हेप टीसीपीवर पाठवा. यूडीपीवर मोठं इन्व्हाइट गुंडाळल्यावर आणखी मोठं होतं, तुकडे होतात, मधला फायरवॉल ते टाकतो. होमरमध्ये मग फक्त ट्राइंग, ओके आणि बाय दिसतात, इन्व्हाइट कुठेच नाही.

खऱ्या तक्रारीची वाट पाहण्याआधी चाचणी घ्या. एका फोनवरून अ‍ॅस्टरिस्कच्या इको एक्स्टेंशनला (आपलंच बोलणं परत ऐकवणाऱ्या नंबरला) कॉल करा आणि घड्याळ लावून ६० सेकंद बोला. वायरशार्कच्या आरटीपी स्ट्रीममध्ये प्रत्येक दिशेला ३,००० च्या आसपास पॅकेट दिसायला हवीत. ६,००० दिसली तर डुप्लिकेट येताहेत, एकच दिशा दिसली तर मिररची दिशा चुकली आहे. २,९०० दिसून गॅप असतील तर लगेच नेटवर्कला दोष देऊ नका. त्याच वेळच्या आरटीसीपी रिपोर्टमध्ये फोन स्वतः किती लॉस सांगतो ते पाहा. फोन शून्य म्हणत असेल तर पॅकेट फोनपर्यंत पोचली आहेत, हरवली ती आपल्या कॅप्चरमध्ये. एकमेकांशी संबंध नसलेल्या अनेक कॉलमध्ये एकाच क्षणी गॅप दिसला, तरी पहिला संशय कॅप्चरवरच घ्या. टीसीपीडम्प थांबताना कर्नलने किती पॅकेट टाकली ते सांगतो. पण स्विचने मिरर पोर्टवर टाकलेली त्या आकड्यात येत नाहीत. ती त्या पोर्टच्या आउटपुट ड्रॉपमध्ये मोजावी लागतात.

फाइली कुठे ठेवता तेही आधी ठरवा. रजिस्टर संदेशात (फोन स्वतःची नोंदणी करतो त्यात) पासवर्डचा डायजेस्ट (पासवर्डवरून काढलेला सांकेतिक आकडा) असतो, फाइल हाती लागली तर कमकुवत पासवर्ड निवांत बसून फोडता येतो. एसआरटीपीची (एन्क्रिप्ट केलेल्या आरटीपीची) की एसडीपीत ‘क्रिप्टो’ ओळीत येत असेल तर सिप आणि आरटीपीच्या दोन फाइली एकत्र मिळाल्या की एन्क्रिप्ट केलेलं बोलणंही ऐकता येतं. या दोन फाइली एकाच फोल्डरमध्ये ठेवू नका, ईमेलने पाठवू नका, ठरलेल्या तारखेला पुसा.

काम संपलं की मिरर सेशन काढून टाका आणि स्विचचं कॉन्फिगरेशन सेव्ह करा. मिररचा पोर्ट साध्या ट्रॅफिकला बंद असतो. सेशन राहिलं तर दोन महिन्यांनी कुणीतरी त्याच पोर्टला नवा फोन लावतो, दिवा लागतो पण आयपी मिळत नाही, आणि केबल बदलण्यात अख्खी दुपार जाते.