बोर्डावरून बोलणाऱ्यांना संशोधनात सोबत घ्यायचं असेल तर

मी अंबाजोगाईची. स्नायूंवरचा ताबा कमी करणाऱ्या सेरेब्रल पाल्सीमुळे माझं बोलणं घरच्यांपलीकडे फारसं कुणाला कळत नाही, म्हणून मी बोर्डावरून बोलते. सनबोर्डावर चिकटवलेला फ्लेक्स आहे. त्यावर मुळाक्षरं, उजव्या कडेला काना-मात्रा आणि वर रोजचे शब्द. अंगठ्याच्या पेरानं मी एकेक अक्षर दाखवते. आमच्यावर अभ्यास करायला समाजकार्याचे (एमएसडब्ल्यू) विद्यार्थी, थेरपिस्ट, प्राध्यापक येतात. त्यातल्या ज्यांना आम्ही बरोबरीनं काम करायला हवे आहोत, त्यांच्यासाठी हे लिहितेय.

प्रश्नावली छापायच्या आधी या. जो शब्द बोर्डावर नाही तो मला जुळवावा लागतो, आणि जे लिहायला-वाचायला शिकलेले नाहीत, चित्रांवरूनच बोलतात, त्यांना तो म्हणताच येत नाही. चित्रांच्या कितीतरी बोर्डांवर पाणी, जेवण, संडास, दुखतंय एवढंच सापडतं. त्या बोर्डापुढं बसून ‘शाळेत कशी वागणूक मिळाली?’ असं विचारलं तर बोट ‘दुखतंय’वर जाईल आणि तुमच्या वहीत आजाराची नोंद होईल. म्हणून विषय ठरला की शब्दांची यादी आमच्यासोबत बसून करा. अपमान, राग, भीती, एकटं, मास्तर, फी, सवलत. आणि विषय कुठलाही असो, ‘पटत नाही’, ‘प्रश्न कळला नाही’, ‘थांबा’ आणि ‘मला म्हणायचंय ते इथं नाही’ हे बोर्डावर हवंच. हे चार नसतील तर तुम्हाला नुसता होकार मिळत राहील.

टॅब असेल तर हेच शब्द त्यात भरा. चित्राला बोट लावलं की तो शब्द मोठ्यानं बोलणारं, चेन्नईत तयार झालेलं ‘आवाज’ ॲप मराठीतही चालतं. पण शब्द आमच्या बोलीतले घ्या; आमच्याकडची पोरं ‘कामून’ म्हणतात, ‘करायलोय’ म्हणतात. कागदी बोर्डही जवळ असू द्या, कारण उन्हात स्क्रीन दिसत नाही आणि लाईट गेली की चार्जिंगचे वांधे होतात.

आता वेळेचं. तोंडानं बोलणारा माणूस मिनिटाला 100 हून जास्त शब्द सहज बोलतो. बोर्ड किंवा टॅबवरून बोलणारे बहुतेक जण 15 च्या आतच असतात. नुसतं ‘संशोधन’ म्हणायला मला स, अनुस्वार, श, ओकार, ध, न अशा सहा जागी हात न्यावा लागतो, आणि हात दर वेळी नेमका पोचतोच असं नाही. तेवढ्यात तुम्ही पुढचा प्रश्न विचारला की माझं उत्तर राहून गेलं. प्रश्न आठवडाभर आधी पाठवा, म्हणजे घरी जुळवून ठेवता येतं. बैठकीला दोन-तीन मुद्देच घ्या. माझं वाक्य तुम्ही अंदाजानं पुरं केलेलं मला चालतं, फक्त अंदाज मोठ्यानं बोला आणि मी मान हलवल्याशिवाय लिहू नका. काहींना ते मुळीच चालत नाही, म्हणून प्रत्येकाला विचारून घ्या.

सोबत आई किंवा भाऊ असतो. तरी खुर्ची आमच्यासमोर ठेवा, प्रश्न आम्हालाच विचारा. सोबतच्यानं अक्षरं मोठ्यानं वाचावीत. टिपणात बोर्डावरचे शब्द आणि सोबतच्यानं सांगितलेला अर्थ वेगवेगळे लिहा. कुणी आमचा हात धरून अक्षरांवर नेत असेल तर ते शब्द आमचे धरू नका. या पद्धतीच्या चाचण्यांत शब्द हात धरणाऱ्याचेच निघाले आहेत. तिथं डोळे, मान, मूठ यांतली हो-नाहीची स्वतंत्र खूण शोधा. आणि घरच्यांबद्दल विचारायचं असेल तर घरचं माणूस तिथं नको.

2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यानं संवादाच्या व्याख्येत पर्यायी पद्धतीही धरल्या आहेत. तेव्हा मोठ्या माणसाला तोंडानं बोलता येत नाही एवढ्यावरून वडिलांची सही घेऊन भागवू नका. संमतीपत्र चित्रांसह समजावून सांगा आणि पुढच्या भेटीत परत विचारा.

मानधन आमच्या खात्यावर, सोबतच्या माणसाचं वेगळं. एसटीत व्हीलचेअर चढवणं अवघड, त्यामुळे गाडी करावी लागते. भाडं आधी द्या. त्यापेक्षा तुम्हीच या, पण मे महिन्यातली दुपार नको.

माहिती गोळा झाली की आमचं काम संपलं असं बहुतेकांना वाटतं. खरं तर आमची गरज तिथंच जास्त असते. एका अभ्यासात आम्ही उत्तरांच्या चिठ्ठ्यांचे गट पाडत होतो. ‘बाहेर जायला जमत नाही’ ही चिठ्ठी सगळ्यांनी आरोग्याच्या गटात ठेवली होती. मी बोर्डावर ‘नाली’ जुळवलं. ती लिहिणाऱ्याच्या दारासमोर उघडी नाली होती, त्यावरून व्हीलचेअर जात नव्हती. चिठ्ठी रस्त्यांच्या गटात गेली आणि नगरपरिषदेसाठीच्या शिफारशींत नाल्या झाकण्याचा मुद्दा आला.

अहवालात नाव हवं की नको, हवं तर कसं, हे ज्याचं त्याला विचारा. मसुदा छापायच्या किमान 15 दिवस आधी वाचून दाखवा. दुरुस्त्या अक्षर-अक्षर येतील, तेवढी मुदत वेळापत्रकात आधीच धरून ठेवा.