नव्या रिसॉर्टला निघताय? दोरी घेतली का?

नवीन रिसॉर्ट 'सुरू झालं' म्हणजे तिथे बुकिंग घेणं सुरू झालं, एवढाच अर्थ धरा. कोकणात दिवाळी आणि नाताळचा हंगाम प्रत्येकाला गाठायचा असतो. चार-पाच खोल्या उभ्या राहिल्या की फलक लागतो आणि उरलेलं बांधकाम पाहुण्यांच्या देखत चालू राहतं. दर कमी असतो, गर्दी नसते, मालक स्वतः येऊन विचारपूस करतो, त्यामुळे जायला माझी अजिबात ना नाही. पण सोलापुराहून चारशेच्या आसपास किलोमीटर गाडी हाकून जायचं तर तयारी नेहमीच्या सहलीसारखी करून भागत नाही. गेल्या खेपेला मी तशीच केली होती आणि घरात त्याचे बोल अजून ऐकतोय.

आधी फोन. 'सगळं तयार आहे ना?' असं विचारू नका, त्याला 'या तुम्ही, काही काळजी नको' हे एकच उत्तर असतं. नेमकं विचारा. आमच्या खोलीच्या बाथरूमला दार बसलंय का? त्याला आतून कडी आहे का? खिडक्यांना पडदे लागले का? जेवण तिथेच बनतं की गावातल्या खानावळीतून येतं? जनरेटरवर पंखे चालतात की नुसते दिवे? कुठल्या कंपनीच्या सिमला रेंज येते? मग खोलीचा आजचा व्हिडिओ मागवा. जाहिरातीतल्या चित्रात सगळे माड एका उंचीचे आणि हौदातलं पाणी निळंशार दिसलं, तर ते कॉम्प्युटरवर काढलेलं आहे. हौद म्हणजे सध्या खड्डा आहे.

'समुद्र पाच पावलांवर' असं लिहिलं असेल तर जास्तच खोदून विचारा. किनारा नियमनाच्या २०११ च्या अधिसूचनेने ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटर जागा बांधकामाविना ठेवायला सांगितली होती. २०१९ च्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या ग्रामीण भागासाठी हे अंतर ५० मीटरवर आणलं. म्हणजे पाच पावलं खरी असतील तर प्रकरण जुनं घर, तंबू किंवा पुढची कोर्टकचेरी यांपैकी काहीतरी आहे. आगाऊ पैसे थोडेच पाठवा.

आता सामान. चादरी आणि टॉवेलचं सोलापूरकराला काय सांगायचं, ते आपण लग्नालासुद्धा नेतो. औषधं, टॉर्च, डासांची उदबत्ती, चार्जर: समजलं.

आणि दोरी.

दोरी घ्या. करंगळीपेक्षा बारीक, सुती, वीस-पंचवीस मीटर. नायलॉनची स्वस्त पडते, पण तिची गाठ सरकते. मंगळवार पेठेत कुठल्याही दुकानात मिळेल. सोबत डझनभर चिमटे आणि कापायला कात्री किंवा ब्लेड. एवढी दोरी कशाला, असं घरचे विचारतील. विचारू द्या.

कारण असं आहे की अर्धवट रिसॉर्टमध्ये भिंती असतात, फरशी असते, पलंग असतो, कमोडही चकचकीत असतो. नसतं ते सुताराने शेवटी येऊन ठोकायचं सामान. कडी, खुंटी, पडद्याची दांडी, मच्छरदाणीचे हूक, कपडे वाळत घालायची तार. पैसे संपत आले की मालक सुतारालाच 'पुढच्या आठवड्यात ये' म्हणतो. त्यामुळे तिथे जे जे नसतं ते सगळं दोरीने भागतं, दुसऱ्या कशाने भागत नाही.

आमच्या खोलीला समुद्राकडे भिंतभर काच होती आणि काचेबाहेर सकाळी सातपासून फरशीवाले. चादरी भरपूर होत्या, अडकवायला मात्र एक खिळा नव्हता. मग मी आणि मेहुणा चादरीची दोन टोकं धरून उभे, पाठीमागे बायकांचं आवरणं चाललेलं, आणि बाहेरून फरशीवाला विचारतोय, 'साहेब, काय पाहिजे का?' दोरी पाहिजे होती. ती त्याच्याकडेही नव्हती, त्याच्याकडे ओळंब्याचा दोरा होता आणि तो देईना.

बाथरूमच्या दाराचंही तेच. कडीच्या जागी भोक. त्या भोकातून दोरी ओवून आतल्या नळाला बांधता येते, दोरी असेल तर. नाहीतर प्रत्येकाने आत गाणं म्हणत बसायचं.

तिथे गेल्यावर घेऊ, असं म्हणू नका. कोकणात दुपारी दुकानं बंद असतात आणि नवं रिसॉर्ट गावाच्या बाहेरच असतं. दोरी इथूनच घ्या, आणि गाडीत सगळ्यात वर ठेवा.

खाण्याचं एक-दोन वेळचं बरोबर असू द्या, कारण स्वयंपाकी पहिल्या महिन्यात पळून जातो असा माझा समज झालाय. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी आपल्याकडे आहेच. पण भाकरी घट्ट झाकणाच्या डब्यात न्या. आपल्याकडे ती कापडात गुंडाळून कितीही दिवस कुरकुरीत राहते, तिथल्या दमट हवेत एका रात्रीत सादळून चामड्यासारखी होते. कपड्यांचंही तसंच. इथे तासाभरात वाळणारा टॉवेल तिथे दुसऱ्या दिवशीही ओला असतो, म्हणून वाऱ्याच्या तोंडाला, उंच, ताणून वाळत घालावा लागतो. कशावर, ते सांगायला नको.

पाण्याचं नीट समजून घ्या. किनाऱ्यालगत जमिनीखाली गोड्या पाण्याचा थर खाऱ्या पाण्यावर तरंगत असतो. उपसा जास्त झाला की खालचं खारं पाणी वर चढतं. बांधकाम चालू असतं तिथे नव्या स्लॅबला आणि गिलाव्याला दिवसभर पाणी मारावं लागतं, तेही बहुतेक त्याच विहिरीचं किंवा बोअरचं. म्हणून सकाळी साबणाला फेस येतो आणि संध्याकाळी येत नाही. सकाळीच आंघोळी उरका, बादल्या भरून ठेवा. नळाला चार-चार दिवसांनी पाणी बघणाऱ्या गावाला हे शिकवायची गरज नाही. प्यायच्या पाण्याचा वीस लिटरचा जार मात्र कोल्हापुरातच घ्या.

जाड तळव्याच्या चपला प्रत्येकाला, मुलांनाही. वाळूत अनवाणी चालायची हौस वाळूतच. आवारात खिळे, फरशीचे तुकडे, बांधणीच्या तारा पडलेल्या असतात. एक्स्टेन्शन बोर्ड घ्या. रोख रक्कम घ्या, रेंज नसेल तर फोनमधले पैसे काही कामाचे नाहीत.

रस्ता: मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर. तिथून रत्नागिरीकडे आंबा घाट, मालवणकडे फोंडा किंवा करूळ, सावंतवाडीकडे आंबोली. घाटात कामं निघतात, रस्ते बंद होतात, म्हणून आदल्या दिवशी मालकालाच विचारा. पहाटे पाचला निघा, घाट उजेडात उतरा. नव्या जागेचं नकाशावरचं ठिकाण बऱ्याचदा चुकीचं असतं. आम्ही भर अंधारात कुणाच्या तरी आमराईत शिरलो होतो आणि कुत्र्यांनी आमचं स्वागत केलं. जवळचं देऊळ, शाळा, बस थांबा काय आहे ते लिहून घ्या.

पोचल्यावर सामान उतरवण्याआधी एक चक्कर मारा. हे गमतीत घेऊ नका. मुलं बरोबर असतील तर तीन गोष्टी बघा: बाल्कनीला कठडा आहे का, शौचटाकीवर पक्कं झाकण आहे का, पोहण्याच्या हौदाच्या खड्ड्याभोवती अडसर आहे का. झाकणाच्या जागी नुसता पत्रा किंवा प्लायवूड टाकलेलं दिसलं तर मालकासमोर उभं राहून त्यावर वजन ठेवून घ्या. आणि दोरीचं एवढं कौतुक केलं तरी हेही सांगतो, दोरी बांधून कठडा होत नाही. बाल्कनी उघडी असेल तर खोली बदलून मागा. बदलून मिळत नसेल तर बाल्कनीचं दार आतून दोरीने करकचून बांधा, गाठ मुलांच्या हाताच्या वर.

समुद्राचं थोडक्यात. जीवरक्षक आहे असं जाहिरातीत असलं तरी तो नसतो. तिथले लोक तिथीवरून भरती काढतात: तिथीला पाऊणपट करा. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा, याच्या आसपास पूर्ण भरती, साडेबारा तासांनी पुन्हा तशीच, मधे ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, पाणी खूप आत येतं आणि तेवढंच मागे ओढतं. ओहोटीच्या वेळी पाण्यात उतरू नका. मच्छीमार नको म्हणाला तर नको.

पावसाळ्यात नवं रिसॉर्ट नकोच. छप्पर गळतं की नाही ते मालकालाही पहिल्या पावसातच कळतं. समुद्र खवळलेला असतो, आणि १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींच्या मासेमारीला बंदी असते, तेव्हा ताटातला मासा बर्फातला.

पैसे निघताना द्या, पावती घ्या. जे मिळालं नाही त्याचे कापून मागा, नवा मालक ऐकतो. निघताना विसरू नका: फोनचा चार्जर, मुलांचे बूट, दारावरची दोरी सोडून घेणं, वगैरे. पेट्रोल घाटाआधी भरा. घरी आल्यावर गाडी खालून साध्या पाण्याने धुवून घ्या, खारा वारा पत्रा खातो.