गॅमा किरण स्फोटाची ओसरती चमक पन्हाळ्यावरून कशी टिपावी

गॅमा किरण स्फोट म्हणजे दूरच्या अवकाशातून अचानक येणारा गॅमा किरणांचा झोत. हे किरण वातावरणातच अडतात, त्यामुळे स्फोट पकडायचं काम उपग्रहाचं. आपण टिपायची ती मागे उरलेली दृश्य प्रकाशातली चमक. 2 सेकंदांहून जास्त वेळ टिकणारे स्फोट बहुधा जड तारा कोसळताना होतात; चमक मिळण्याची आशा त्यांच्यातच जास्त.

नासाच्या जीसीएन या स्फोटांची खबर देणाऱ्या जाळ्याच्या सूचना मोबाईलवर घ्या. वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) असते, भारतीय वेळेसाठी 5 तास 30 मिनिटं मिळवा. फर्मी उपग्रहाने दिलेली जागा बऱ्याचदा कित्येक अंशांनी ढोबळ असते, ती सोडा. स्विफ्ट उपग्रहाच्या क्ष-किरण दुर्बिणीची जागा मात्र काही विकलांपर्यंत (विकला म्हणजे अंशाचा 3600वा भाग) नेमकी असते. क्रांती (खगोलीय विषुववृत्तापासूनचं कोनीय अंतर, दक्षिणेला उणे) उणे 60 अंशांच्याही खाली असेल, तर कोल्हापूरच्या अक्षांशावरून नाद सोडलेला बरा.

8 इंची दुर्बीण, सीमॉस कॅमेरा, फिल्टर नको. 60 सेकंदांच्या 10 फ्रेम घेऊन एकावर एक रचा. घाई हवीच: दहाव्या मिनिटाची चमक शंभराव्या मिनिटाला साधारण दहावा भाग उरते. आग्नेयेला शहराचा उजेड. तिकडचं लक्ष्य क्षितिजाजवळ असेल तर ते त्यात बुडतं. शेवटी आकाश सर्वेक्षणाच्या जुन्या चित्राशी ताडून पाहा. नवा ठिपका सरकला तर लघुग्रह, जागेवरच मंदावत गेला तर आपला.