प्रकाशाने सुटणारे रेणू: प्रोजेक्ट घेण्याआधी अंधाराची तयारी करा

एमएस्सीच्या शेवटच्या वर्षी, नाशिकमध्ये, मी फोटोकेजिंगवर प्रोजेक्ट घेतला. रेणूचा कामाचा भाग एका गटाने झाकायचा, प्रकाश पडला की झाकण निघतं आणि रेणू मोकळा होतो. 1978 मध्ये कॅपलान, फोरबुश आणि हॉफमन यांनी अशाच गटाने एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, झाकून ठेवलं आणि हव्या त्या क्षणी प्रकाशाने सोडवलं. हे वाचून मी भारावून गेले होते, अजूनही जाते.

माझा झाकणारा गट ऑर्थो-नायट्रोबेंझिल (‘ऑर्थो’ म्हणजे बेंझिनच्या कड्यावर नायट्रो अगदी शेजारच्या जागी), आत अडकवलेलं बेंझोइक ॲसिड; दोघं जोडून झाला माझा एस्टर. त्याची यंत्रणा पाठ करू नका, कागदावर काढा. साधारण 350 नॅनोमीटरचा प्रकाश शोषला की नायट्रोचा ऑक्सिजन शेजारच्या बेंझिलिक (कड्याला लागून असलेल्या) कार्बनवरचा हायड्रोजन ओढून घेतो. त्यातून ॲसी-नायट्रो नावाचं मधलं रूप, मग एक कडं, आणि ते मोडताना ॲसिड सुटतं. नायट्रो पॅरा जागी, म्हणजे कड्याच्या समोरच्या टोकाला, नेऊन बघा, ऑक्सिजन त्या हायड्रोजनपर्यंत पोचतच नाही. एवढं कळलं की ‘ऑर्थो’ हा शब्द कधीच विसरत नाही. मागे उरतं नायट्रोसोबेंझाल्डिहाइड. ते स्वतःही प्रकाश शोषतं, द्रावण पिवळसर-तपकिरी करतं आणि अमाइनशी जुळतं, म्हणून पेशींवरच्या प्रयोगांत त्याला पकडायला थायॉल (गंधक असलेलं संयुग) घालतात.

आता माझी चूक. मार्चमध्ये शुद्ध एस्टरचं द्रावण साध्या काचेच्या बाटलीत खिडकीपाशी राहिलं. दोन दिवसांनी टीएलसी (प्लेटवर मिश्रणातले घटक वेगळे करून दाखवणारी चाचणी) लावली: वर एस्टरचा स्पॉट, खाली ॲसिडची लांब शेपटी. मी आनंदाने प्लेट घेऊन सरांकडे गेले. "उन्हातच सुटलं, सर!"

"अंधारातली बाटली कुठाय?"

नव्हती. ॲसिड उन्हाने सुटलं की सॉल्व्हंटमधल्या पाण्याने एस्टर तुटला, हे सांगायला माझ्याकडे काहीच नव्हतं. दोन आठवड्यांचं संश्लेषण पुन्हा करावं लागलं.

म्हणून नव्याने येणाऱ्यांना कळकळीने सांगते, एकाच द्रावणाच्या दोन बाटल्या करा. एकीला फॉइल गुंडाळा आणि दोन्ही एकाच रॅकमध्ये, दिव्यापासून सारख्या अंतरावर ठेवा, म्हणजे दिव्याची उष्णताही दोघींना सारखीच मिळेल. फॉइलवाली कपाटात ठेवली तर तुलना फसते. द्रावण पातळ घ्या, दाट असलं तर वरचा थरच प्रकाश पिऊन टाकतो. टीएलसी प्लेट यूव्हीखाली पटकन बघा, पेन्सिलीने स्पॉट आखा आणि दिवा बंद करा, नाहीतर बघता बघता प्लेटवरच गट सुटतो. वजन, शुद्धीकरणाचा कॉलम, सॉल्व्हंट उडवायचा रोटा, सगळीकडे पडदे ओढलेले हवेत.

दुसऱ्या खेपेला 365 नॅनोमीटरच्या दिव्याखाली दर दहा मिनिटांनी दोन्ही बाटल्यांतून थेंब घेतला. उघड्या बाटलीत खालचा स्पॉट गडद होत गेला. फॉइलवालीत शेवटपर्यंत एकच स्पॉट होता, आणि त्या रिकाम्या जागेकडे मी सगळ्यात जास्त वेळ बघत बसले.